पेटीबंद प्रवास : जुन्या गाडीसाठी बंद ट्रेलर कसा निवडायचा?

मैत्रिणींनो, व्हिंटेज कार रॅली म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चकाचक क्रोम, लांबलचक बॉनेट, फेटा बांधलेले मालक आणि भोवती फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी! कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते तेव्हा लोक देवदर्शनासारखी वाट बघत उभे असतात. पण आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या डोक्यात एक प्रश्न यायलाच हवा. दुसऱ्या गावाहून आलेली साठ-सत्तर वर्षांची गाडी रॅलीच्या मैदानापर्यंत आली कशी? बऱ्याचदा ती चालत येत नाही, दुसऱ्या वाहनात बसून येते. आणि मजा म्हणजे, गाडीचं मोठं नुकसान रॅलीत क्वचितच होतं. ते होतं ह्या येण्याजाण्यात, नाहीतर चढवता-उतरवताना!

आता तुम्ही म्हणाल, ह्याच्याशी आपला काय संबंध? तर महाराष्ट्राचा संबंध फार जुना आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडल्या. अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनंही निरोप घेतला. म्हणजे कालपरवापर्यंत जी 'आजोबांची खटारा' होती, ती आज जपून ठेवायची वस्तू झाली आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या गावाकडच्या वाड्यात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल. उद्या ती पुण्याला रिस्टोरेशनला आणायची ठरली, तर घरचे विचारणार कुणाला? इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलीला!

चालवत का नाही न्यायची?

पहिला प्रश्न हाच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ह्या नियमांत बसते. तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल ह्यासाठी मात्र ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे कायद्यानं रॅलीला चालवत नेता येते. पण कायदा परवानगी देतो म्हणून रेडिएटर परवानगी देतोच असं नाही! ड्रम ब्रेक, जुने रबरी पाइप, बाजारात न मिळणारे टायर आणि समोर द्रुतगती मार्ग. गावातल्या गावात ठीक आहे, पण पुणे ते मुंबई किंवा पुणे ते कोल्हापूर म्हणजे जोखीम वाढते.

मग उरतात तीन पर्याय. उघडी फ्लॅटबेड म्हणजे टोइंगवाल्याची सपाट गाडी, बंद बॉडीचा ट्रक ज्याला आपण सरसकट 'कंटेनर' म्हणतो, आणि एसयूव्हीच्या मागे जोडायचा बंद ट्रेलर. फ्लॅटबेड स्वस्त आणि सुटसुटीत. बंद पडलेली गाडी वारज्याहून कोथरूडच्या गॅरेजला न्यायला एकदम झकास. पण लांबच्या प्रवासात पुढच्या ट्रकचे खडे, पाऊस, धूळ आणि सिग्नलला येऊन हात लावणारे हौशी लोक, हे सगळं ताज्या रंगावर येतं. म्हणून बंद पेटी. परदेशात बंद ट्रेलर घरोघरी दिसतात, आपल्याकडे अजून फारसे नाहीत. पण निवडीचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे, आणि ते पेटीपासून सुरू होत नाही. ते गाडीपासून सुरू होतं. बहुतेक जण आधी पेटी बघतात, भाव करतात आणि मग गाडी मावते का ते बघतात. सगळे घोळ तिथेच होतात.

पहिली गोष्ट : टेप काढा

अँबॅसेडर घ्या. लांबी सुमारे ४.३२ मीटर, रुंदी १.६६ मीटर, उंची १.६ मीटर. ट्रान्सपोर्टवाले ट्रकची मापं फुटात सांगतात : १४ फुटी, १७ फुटी, १९ फुटी. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. बघा, 'अँबॅसेडर छोट्या आयशरमध्ये आरामात बसेल' असं कुणी म्हणालं तर ती पाच सेंटीमीटरनं बाहेर राहते! मग मागचं दार दोरीनं बांधायचं आणि बंपर बाहेर ठेवून निघायचं, असले उद्योग सुरू होतात. १७ फुटी म्हणजे ५.१८ मीटर, त्यात ती नीट बसते आणि पुढे-मागे पट्टे बांधायला जागाही उरते. आता १९६० ची शेवरोले इम्पाला घ्या. लांबी ५.३५ मीटर, रुंदी २.०५ मीटर. ती १७ फुटीतही जात नाही, तिला १९ फुटीच हवी. ती बॉडी आतून सात फूट म्हणजे २.१३ मीटर रुंद असली, तर दोन्ही बाजूंना उरतात फक्त चार-चार सेंटीमीटर. एक बाजू जरा घासली की गेला रंग.

इथे एक खोच आहे. मापं घ्यायची ती पेटीच्या बाहेरून नाही, आतून. आणि सगळ्यात अरुंद जागा शोधायची. ती बहुतेकदा दाराच्या चौकटीत असते. ट्रेलर असेल तर त्याच्या स्वतःच्या चाकांवरचे खोके आत आलेले असतात, त्यांच्यामधलं अंतर मोजायचं. गाडीची रुंदी मोजताना आरसे धरायचे, उंची मोजताना छतावरचा कॅरिअर धरायचा.

ड्रायव्हर बाहेर कसा येणार?

हा प्रश्न ऐकून हसू येतं, पण तो खरा आहे. गाडी आत गेली, हँडब्रेक लावला, आता दार उघडायचं कुठे? अँबॅसेडर २.४ मीटर रुंदीच्या पेटीत मधोमध उभी केली तर एका बाजूला जेमतेम ३७ सेंटीमीटर उरतात. बारीक माणूस कसाबसा निघेल, पण दाराची कड पेटीच्या भिंतीवर आपटणार. त्यातून ती जुनी 'डुक्कर फियाट' असेल तर आणखी गंमत! तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. दार अर्धवट उघडं असताना गाडी जरा जरी पुढे सरकली, तर दाराची कड अडकते आणि बिजागरीच उचकटते.

ह्यावर उपाय दोन. चांगल्या ट्रेलरला ड्रायव्हरच्या बाजूला भिंतीत एक झडप असते. ती उघडली की गाडीचं दार त्यातून बाहेर उघडतं. दुसरा उपाय म्हणजे विंच. पेटीच्या पुढच्या भिंतीपाशी जमिनीला पक्का बसवलेला विंच गाडीला हळूहळू आत ओढतो आणि आत कुणाला बसावंच लागत नाही. बंद पडलेल्या गाडीसाठी तर विंच हवाच. पण विंच ओढत असताना गाडीच्या मागे, उतारावर, कुणीही उभं राहायचं नाही. दोर तुटला तर गाडी थांबायला कुणाला विचारत नाही.

पोट टेकतंय का?

आता जरा फर्स्ट इयरचं त्रिकोणमिती. ट्रेलरची जमीन रस्त्यापासून ५५ सेंटीमीटर उंच आणि मागचं दार खाली पडून त्याचाच २.१ मीटरचा रॅम्प होतो असं धरू. कोन निघतो सुमारे १५ अंश. अँबॅसेडरचा व्हीलबेस २.४६ मीटर, ग्राउंड क्लिअरन्स १६ सेंटीमीटर धरा. पुढची चाकं वर, मागची चाकं रॅम्पवर आणि वळणाचा कंगोरा बरोबर पोटाखाली, अशा वेळी ही गाडी किती अंशांपर्यंत न टेकता जाईल? दोन्ही चाकांच्या मधोमध क्लिअरन्स धरून गणित केलं की उत्तर येतं १४.८ अंश. म्हणजे सायलेन्सर टेकलाच समजा! रॅम्पला पुढे १.२ मीटरच्या फळ्या जोडल्या तर एकूण लांबी ३.३ मीटर होते, कोन साडेनऊ अंशांवर येतो आणि गाडी बिनबोभाट वर जाते.

आता हेच गणित बंद ट्रकला लावा. त्याची जमीन साधारण १.१ मीटर उंच. दहा अंशांचा उतार हवा असेल तर रॅम्प हवा सव्वासहा मीटरचा! तो कुठून आणणार? म्हणून ट्रक घेतलात तर चढवायची जागा आधी ठरवा. ट्रकच्या उंचीचा माल चढवायचा ओटा असलेलं गोदाम मिळालं तर उत्तमच. नाहीतर फ्लॅटबेड मागून लावून तिच्यावरून गाडी आत सरकवतात. दोन लाकडी ओंडके आणि चार माणसं हा उपाय नव्हे.

वजनाचा हिशेब : पेटी रिकामी नसते

इथे भल्याभल्यांची गफलत होते. गाडी १२०० किलोची, मग १५०० किलो ओढणारी एसयूव्ही पुरेल, असा हिशेब करतात. पण पेटीचं स्वतःचं वजन? वीस फुटी बंद ट्रेलर रिकामाच सुमारे १५०० किलो भरतो. म्हणजे एकूण २७०० किलो. आपल्या चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन ऑस्ट्रेलियात विकली जाते, तिथे ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्याची तिची मर्यादा २५०० किलो सांगितलेली आहे. म्हणजे एक साधी अँबॅसेडर आणि एक साधी बंद पेटी, एवढ्यातच मर्यादा ओलांडली! इथे वापरताना अर्थातच इथल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा धरायचा.

अमेरिकेत अशा ट्रेलरवर ७००० पौंड म्हणजे ३१७५ किलो एकूण वजनाची मर्यादा सर्रास लिहिलेली असते. विक्रेता तोच आकडा मोठ्यानं सांगतो. त्यातून पेटीचे १५०० वजा केले की उरतात जेमतेम १६७५. त्यात अँबॅसेडर बसते, इम्पाला मात्र काठावर येते. आणि रोल्स-रॉइस तर विसराच! अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी आहे, तसली चार टनांहून जड असते. तिच्यासाठी वेगळंच वाहन लागतं. म्हणून नियम एकच : लिहिलेली मर्यादा नाही, रिकामं वजन विचारा. आणि शक्य असेल तर हायवेवरच्या वजनकाट्यावर जाऊन बघा. गाडीचीही पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. ते आकडे पुढे लागणार आहेत.

उसाची ट्रॉली आठवा

साखर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिला असेल. मागे दोन ट्रॉल्या आणि शेवटची ट्रॉली साप चालल्यासारखी डुलतेय. ट्रॅक्टर सावकाश चालतो म्हणून निभावतं. तेच डुलणं ताशी ७० च्या वेगात एसयूव्हीच्या मागे सुरू झालं तर दोन्ही वाहनं रस्त्याबाहेर!

हे डुलणं थांबवायचं तर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर यायला हवा. २७०० किलोचे १० टक्के म्हणजे २७० किलो. चार माणसं एसयूव्हीच्या मागच्या बंपरवर उभी आहेत असं समजा. म्हणून हिच कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायची वस्तू नाही. हा भार आणायचा कसा? गाडी ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे उभी करून. हिचपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलचा मध्य ४.५ मीटरवर आहे, रिकाम्या ट्रेलरचे १५० किलो आधीच हिचवर आहेत आणि गाडीचे १२० किलो आणखी हवेत. मोमेंट घ्या : गाडीचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या ४५ सेंटीमीटर पुढे हवा. गाडी फक्त ३० सेंटीमीटर मागे सरकली तर हिचवरचे ८० किलो कमी होतात! म्हणून वजनकाट्यावरचे दोन आकडे लागतात, त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा आणि पेटीच्या जमिनीवर रंगानं खूण करून ठेवायची. दर वेळी चाक त्याच खुणेवर.

आणि तरीही ट्रेलर डुलायला लागलाच तर? घाबरून ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोल असेल तर फक्त तो हळू लावायचा.

घाट आणि ऐंशी लिटर पाणी

आपल्याकडच्या निवडीत घाट सोडून चालत नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची सुमारे साडेपाचशे मीटरनं कमी होते. दोन टनांची एसयूव्ही आणि २७०० किलोचा ट्रेलर मिळून ४७०० किलो. एमजीएच काढा : सुमारे २५ मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत हॉस्टेलमधल्या बादलीच्या हिशेबानं बोलायचं तर ऐंशी लिटर गार पाणी उकळेल! ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ड्रायव्हर न्यूट्रलवर उतरला तर ती बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जाते, लायनिंग तापतं आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून घाट लो गिअरमध्येच उतरायचा. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, दोन अ‍ॅक्सल असतील तर दोन्हींवर. हिच सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी तारही हवी. दोन अ‍ॅक्सलचा आणखी एक फायदा म्हणजे एक टायर फुटला तरी पेटी कलंडत नाही.

बांधायचं कसं?

नायलॉनचा दोर आणि चाकाखाली वीट, ही आपली राष्ट्रीय पद्धत! पण दोर ताणला जातो, सैल होतो आणि वीट फुटते. युरोपात माल बांधताना हिशेब असा धरतात : जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे, आणि बाजूला व मागे ०.५ पट. १२०० किलोच्या गाडीला पुढे ९६० किलोचा धक्का. त्यासाठी रॅचेटचे चार पट्टे, चार कोपऱ्यांना. पट्टा तुटण्याचा आकडा आणि सुरक्षित भाराचा आकडा वेगळे असतात, वाचायचा तो दुसरा.

पट्टे बंपरला कधीच बांधायचे नाहीत, जुना बंपर हातात येतो. चासीला करकचून बांधलं तर गाडीचे पाटे दबलेले राहतात आणि खड्ड्यात ते आणखी दबले की पट्टा सैल पडतो. सगळ्यात बरं म्हणजे टायरवरून जाणारे पट्टे. चाकं जमिनीला बांधलेली, वरची गाडी तिच्या पाट्यांवर मोकळी. ट्रकमध्ये तर हे फारच महत्त्वाचं. चार-पाच टनांसाठी बनवलेल्या ट्रकमध्ये सव्वा टनाची गाडी म्हणजे ट्रक जवळजवळ रिकामाच, आणि रिकामा ट्रक प्रत्येक स्पीडब्रेकरला उडतो. वीस-तीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासायचे, हे चहाइतकंच नेमानं.

बंद पेटीचा शत्रू : दमटपणा

पेटी बंद केली की गाडी सुरक्षित, असं वाटतं. पण पावसाळ्यात ओली गाडी आत घालून दार लावलं की आत वाफारा धरतो. क्रोमवर ठिपके, गादीला बुरशी आणि लाकडी सांगाड्याची जुनी बॉडी असेल तर लाकूड फुगतं. म्हणून पेटीला हवा खेळायला झरोके हवेत, वर आणि खाली दोन्हीकडे. खाली कशाला? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते. म्हणून टाकीत पेट्रोल कमीत कमी, बॅटरीची वायर काढलेली आणि हाताशी अग्निशामक. अंगावर प्लॅस्टिकचं कव्हर नकोच, ते घाम धरतं आणि हलून रंग घासतं.

मग घ्यायचं काय?

एकच गाडी, वर्षातून दोनदा हलवायची, तर ट्रेलर विकत घेऊ नका. साडेसात मीटरची पेटी कर्वेनगरच्या कुठल्या सोसायटीत उभी करणार? शिवाय आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च, त्याची वेगळी नोंदणी आलीच. योग्य मापाचा बंद ट्रक भाड्यानं घ्या. त्याला हिच नाही म्हणून डुलणंही नाही. चढवायची जागा, टायरवरचे पट्टे आणि वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा एवढं आधी पक्कं करा. निघण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा. गाडीचा नेहमीचा विमा ट्रकच्या आत चालतो का, हे विमावाल्याकडून लेखी घ्या. ज्यांच्याकडे पाच-दहा गाड्या आहेत किंवा ज्यांचं रिस्टोरेशनचं वर्कशॉप आहे, त्यांना बंद ट्रेलर परवडेल. पण मग तो दोन अ‍ॅक्सलचा, ब्रेकवाला, झडप आणि विंच असलेला, आणि ओढणारं वाहन त्याच्या भरलेल्या वजनापेक्षा वरचढ.

आणि हे सगळं फक्त श्रीमंतांच्या गाड्यांसाठी आहे असं समजू नका. बाजाची बग्गी टेम्पोत घालून पिथमपूरला न्यायची असते तेव्हा हेच पाच आकडे लागतात : लांबी, रुंदी, उंची, दोन्ही अ‍ॅक्सलवरचं वजन आणि ग्राउंड क्लिअरन्स. वर्षभर रात्री जागून बनवलेली गाडी चुकीच्या टेम्पोत एका रात्रीत वाकडी होऊ शकते. तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावण्याआधी वर्कशॉपमधून टेप आणा, पाच आकडे कागदावर लिहा आणि मग विचारा, "काका, तुमच्या गाडीची आतली मापं काय?" तो जर म्हणाला, "बसेल हो ताई, काळजी करू नका," तर नक्की काळजी करा आणि स्वतः जाऊन मोजून या!